‘हा तर चीनचा आजार, मग आपल्या घरात कसा?’

वाचकाचं पत्र, थोडक्यात: ऐरोलीतल्या एका ताईंनी लिहिलं आहे. त्यांचे थोरले भाऊ ४६ वर्षांचे, रबाळे एमआयडीसीतल्या फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये वीस वर्षं प्लायवूड आणि एमडीएफ कापायचं काम करतात. गेल्या वर्षी त्यांच्या डाव्या कानाखाली, मानेत गाठ आली. दुखत नव्हती. टीबीची समजून पाच महिने गोळ्या दिल्या. गाठ वाढतच गेली आणि डाव्या कानाला दडे बसले. शेवटी दुर्बिणीतून तपासणी आणि बायोप्सी झाली आणि निदान आलं: नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागाचा कॅन्सर, म्हणजे नेझोफॅरिंक्सचा. मानेच्या गाठींपर्यंत पोचलेला, पण शरीरात लांब कुठे गेलेला नाही. घरात आता वेगळाच गोंधळ आहे. मामांनी मोबाइलवर वाचलं की हा दक्षिण चीनचा आणि आपल्या देशात नागालँडचा आजार. तेव्हा रिपोर्टच चुकला असणार, उपचार थांबवा. आईने घरातली सुकट, सोडे, बोंबील सगळं फेकून दिलं. रिपोर्टमध्ये व्हायरसचं नाव दिसल्यापासून वहिनींनी दादांचं ताट-पेला वेगळा केला. एका लॅबने सात जणांचं ‘फॅमिली पॅकेज’ सुचवलं आहे. सोळा वर्षांच्या भाच्याचं नाक सतत बंद असतं, त्याचीही धास्ती. ताई विचारतात: निदान खरं कशावरून? आधी सगळ्यांच्या टेस्ट करून घेऊ का? आणि मासळीचं काय?

ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात घाईचं वाक्य मामांचं आहे, ‘उपचार थांबवा’ हे. म्हणून त्यापासून सुरुवात करू. दुसरं मत जरूर घ्या, पण उपचाराची ठरलेली तारीख हलवू नका. ही दोन्ही कामं एकाच आठवड्यात शेजारी-शेजारी होऊ शकतात. कशी, ते खाली सांगते.

मामांनी वाचलं ते चूक नाही. २०२० साली जगभरात या कॅन्सरचे अंदाजे १ लाख ३३ हजार नवे रुग्ण आढळले आणि त्यातले सत्तर टक्क्यांहून जास्त पूर्व आणि आग्नेय आशियातले होते. दक्षिण चीनमधला ग्वांगडोंग प्रांत आणि हाँगकाँग ही त्याची जुनी ठाणी. उत्तर आफ्रिकेत आणि ग्रीनलँड-अलास्काच्या इनुइट लोकांतही तो जास्त दिसतो. आपल्या देशात बहुतेक कॅन्सर नोंदणी केंद्रांत वर्षाला लाख पुरुषांमागे एकाहून कमी रुग्ण निघतात, मुंबईतही तसंच. नागालँडच्या केंद्रात मात्र पुरुषांत हा दर लाखाला दहाच्या वर आहे. मणिपूर, मिझोराम, सिक्कीमही इतर राज्यांच्या पुढे आहेत. एकाच देशात, एकाच आजारात इतकी तफावत क्वचितच पाहायला मिळते.

मामांची गफलत पुढच्या पायरीवर होते. ‘दर कमी’ म्हणजे ‘रुग्ण नाहीत’ असं ते समजतात. एक साधा हिशेब करून पाहा. २०११ च्या जनगणनेत नागालँडची लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास होती आणि महाराष्ट्राची सव्वाअकरा कोटींच्या. नागालँडात लाखाला दहा धरले तर वर्षाला दोनशे रुग्ण होतील. महाराष्ट्रात लाखाला फक्त पाव धरला, म्हणजे चार लाखांत एक, तरी आकडा पावणेतीनशेच्या वर जातो. हे आकडे खऱ्या नोंदींचे नाहीत, दर आणि संख्या यांतला फरक दिसावा म्हणून धरलेले आहेत. दर चाळीस पटींनी कमी असूनही महाराष्ट्राची बेरीज मोठी निघते, कारण माणसं जास्त आहेत. यातलाच एखादा ऐरोलीतही असू शकतो.

नोंदणी चालते कशी तेही पाहू, कारण इथे डॉक्टरांचीही गल्लत होते. मुंबईची कॅन्सर नोंदणी १९६३ पासूनची, देशातली सगळ्यात जुनी. ग्रामीण भागातली पहिली १९८७ ला आपल्याच बार्शीत सुरू झाली. अशी केंद्रं रुग्ण मोजतात ते त्याच्या राहत्या पत्त्यावरून. किमान वर्षभर त्या भागात राहणारा असेल तरच तो त्या भागाच्या खात्यावर जातो. हॉस्पिटलचा रजिस्टर वेगळा. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये बिहार, बंगाल, ईशान्य भारत, सगळीकडून माणसं येतात, त्यामुळे तिथल्या डॉक्टरने वर्षाला पाहिलेल्या रुग्णांवरून ठाणे-मुंबईतलं प्रमाण काढता येत नाही. उलटही तितकंच खरं: आपल्या भागात प्रमाण कमी म्हणून साध्या दवाखान्यातल्या डॉक्टरला अख्ख्या कारकिर्दीत हा आजार एकदा-दोनदाच भेटतो आणि भेटला तरी लवकर ओळखू येत नाही. दादांचे पाच महिने गेले ते असे.

आता निदानाकडे. मामांना शंका आली ती चुकीच्या कारणाने आली, पण शंका घेण्याला एक बरं कारणही आहे. हा कॅन्सर सूक्ष्मदर्शकाखाली फसवा असतो. त्याच्या पेशी लिंफोसाइटच्या, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या गर्दीत मिसळलेल्या असतात आणि कमी अनुभवी डोळ्याला तो लिंफोमासारखा, म्हणजे त्याच पेशींच्या कॅन्सरसारखा दिसतो. कधी त्यात टीबीसारखे ग्रॅन्युलोमाही, म्हणजे पेशींचे पुंजके असतात. म्हणून पॅथॉलॉजीचं दुसरं मत घेणं शहाणपणाचंच. फक्त ते रिपोर्टच्या झेरॉक्सवर मिळत नाही, त्याला मूळ माल लागतो. बायोप्सी झाली त्या लॅबमध्ये लेखी अर्ज देऊन पॅराफिन ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तो तुकडा. तो रुग्णाचा असतो, लॅब सही घेऊन देते. देताना ब्लॉकवरचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर जुळतोय का, ते काउंटरवरच पाहा. नंतर कळलं तर दोन दिवस वाया जातात. प्लॅस्टिकच्या डबीत, उन्हापासून लांब ठेवा; उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर विसरला तर मेण मऊ होतं. स्लाइड कापसात गुंडाळून न्या.

जिथे तपासायला द्याल तिथे दोन गोष्टी विचारा. सायटोकेराटिन या प्रथिनाची रंग-चाचणी (स्टेन) पॉझिटिव्ह आहे का? असेल तर तो त्वचेसारख्या अस्तराचा कॅन्सर, लिंफोमा नव्हे. आणि ‘ईबर’ केली आहे का? ही चाचणी कॅन्सरच्या पेशींच्या आत एप्स्टाइन-बार व्हायरसचा अंश आहे का ते दाखवते. रिपोर्टमध्ये ‘नॉन-किरॅटिनायझिंग’ असं लिहिलं असेल तर बहुतेक वेळा ईबर पॉझिटिव्ह येते. ‘किरॅटिनायझिंग’ प्रकार आपल्यासारख्या कमी दराच्या भागात तुलनेने जास्त दिसतो. त्यात व्हायरसचा संबंध कमी आणि विडी-सिगारेटचा जास्त. सायटोकेराटिन आणि ईबर दोन्ही जुळलं तर निदानाचा प्रश्न मिटला. मामांना सोबत घेऊन जा, त्यांना स्वतः विचारू द्या.

टीबीच्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टरवर तुमचा राग आहे, तो पत्रात जाणवतो. थोडं सबुरीने घ्या. आपल्याकडे मानेत गाठ आली की टीबी हा अंदाज पुष्कळदा बरोबर असतो. चूक अंदाजाची नाही, अंदाजावर थांबण्याची आहे. इतर वाचकांसाठी क्रम सांगते: मानेची गाठ तीन आठवड्यांत बसली नाही तर आधी सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासणी. त्याच नमुन्यावर टीबीचे जंतू शोधणारी सीबीनॅट चाचणी. सुईने उत्तर नाही मिळालं, किंवा रुग्ण प्रौढ आहे आणि गाठ कानाखाली, मानेच्या वरच्या-मागच्या बाजूला आहे, तर ईएनटीकडे नाकातून दुर्बीण. गाठ कापून काढणं शेवटी, कारण मूळ जागा न शोधता मान उघडली तर पुढच्या उपचारात अडचण होते. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्यावर गाठ सुरुवातीला थोडी वाढू शकते हे खरं, पण दोन महिन्यांनीही वाढतच असेल आणि टीबीचा पुरावा कागदावर नसेल, तर गोळ्या संपायची वाट पाहू नका.

व्हायरसबद्दल वहिनींना आजच सांगा. ताट-पेला पुन्हा एकत्र करा. एप्स्टाइन-बार व्हायरस थुंकीतून पसरतो, पण तो जगातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या अंगात आधीच असतो. आपल्याकडे बहुतेकांना तो लहानपणीच होतो, साध्या सर्दी-तापासारखा येऊन जातो आणि मग आयुष्यभर निपचित पडून राहतो. तुमच्या अंगात तो जवळजवळ नक्की आहे, वहिनींच्याही. दादांच्या उष्ट्यातून कॅन्सर लागत नाही. या माणसाला पुढचे दोन-तीन महिने घास गिळणं कठीण जाणार आहे, अशा वेळी वेगळं ताट त्याला काय सांगतं, याचा विचार घरात कुणी केला आहे का?

मग इतक्या जणांच्या अंगात व्हायरस असून कॅन्सर मूठभरांनाच का? कारण व्हायरस एकटा पुरा पडत नाही. काही समाजांतले प्रतिकारशक्तीशी संबंधित एचएलए जीन, लहानपणापासूनचं विशिष्ट खाणं, तंबाखूचा धूर, लाकडाची धूळ, हे एकमेकांवर रचत जातं. नकाशावरची तफावत व्हायरसमुळे नाही, तो तर सगळीकडे आहे. ती या बाकीच्या गोष्टींमुळे आहे. चीनमधून अमेरिकेत गेलेल्यांच्या पुढच्या पिढ्यांत दर उतरला, पण तिथल्या गोऱ्यांइतका खाली गेला नाही. त्यावरून दिसतं की थोडा भाग रक्तातून येतो आणि थोडा राहणीतून.

आता ते फॅमिली पॅकेज. घेऊ नका. कारण सांगते, कारण ‘घेतलं तर बिघडलं काय’ असं घरातलं कुणीतरी म्हणणारच.

लॅब सहसा अँटिबॉडी मोजते. त्यातली आयजीजी ही जुन्या संसर्गाची अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली तर अर्थ एवढाच की व्हायरस कधीतरी येऊन गेला. सातपैकी सहा-सात जणांची पॉझिटिव्ह येईल आणि रात्रीची झोप उडेल. याहून नेमकी चाचणी म्हणजे रक्तातला व्हायरसचा डीएनए शोधणं. तिचा एक मोठा प्रयोग हाँगकाँगमध्ये झाला, निकाल २०१७ साली आले. काहीही त्रास नसलेल्या ४० ते ६२ वयाच्या २०,१७४ पुरुषांची तपासणी केली. पुन्हा तपासूनही पॉझिटिव्ह राहिले ३०९, आणि त्यातून कॅन्सर निघाले ३४. म्हणजे हाँगकाँगसारख्या ठिकाणीही दर नऊ पॉझिटिव्हमागे एकाला आजार. त्यांच्यासाठी ते फायद्याचं ठरलं, कारण सापडलेल्यांतले सत्तर टक्के पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात होते. हीच चाचणी आपल्याकडे लावा. निरोगी माणसाला निरोगी म्हणण्यात ती ९८.६ टक्के बरोबर आहे. ऐकायला उत्तम. पण एक लाख नवी मुंबईकरांत ती जवळपास १,४०० जणांना विनाकारण संशयित ठरवेल, आणि त्यांच्यात खरा रुग्ण असेल एखादा, किंवा तोही नाही. त्या चौदाशेंना मग दुर्बीण, एमआरआय, कुणाला बायोप्सी. नकाशाचा खरा उपयोग इथे होतो. एका माणसाचं निदान खरं की खोटं हे नकाशा सांगत नाही, पण कुठल्या गावात सरसकट चाळणी लावावी आणि कुठे लावू नये हे मात्र तो चोख सांगतो.

हे पैसे घालवायचेच असतील तर दादांच्या रक्तावर घाला. त्यांची ईबर पॉझिटिव्ह असेल तर उपचारापूर्वी एकदा प्लाझ्मातला (रक्ताच्या पातळ भागातला) ईबीव्ही, म्हणजे एप्स्टाइन-बार व्हायरसचा डीएनए मोजून ठेवायला सांगा. उपचार संपल्यावर तो शून्यावर आला का आणि पुढे कधी पुन्हा चढतो का, यावरून डॉक्टरांना पुष्कळ कळतं. मात्र दर वेळी एकाच लॅबमध्ये करा. लॅब बदलली की आकड्यांची तुलना होत नाही.

सख्ख्या नातेवाइकांचा प्रश्न उरतो. जास्त दराच्या समाजांत आई-वडील, भावंडं, मुलं यांचा धोका इतरांच्या चार ते दहा पट दिसला आहे. पण चार लाखांत एकाच्या दहापट केली तरी चाळीस हजारांत एक होतो. तेव्हा तुम्हाला आणि भाच्याला दरवर्षी स्कॅन नको. लक्षणांवर मात्र नजर हवी, आणि त्यात ‘एकाच बाजूचं’ हे शब्द ध्यानात ठेवा. प्रौढ माणसाच्या एकाच कानाला सर्दी नसताना दडे बसले, आत पाणी साचलं. सकाळी नाक शिंकरताना किंवा घशातून काढलेल्या कफात रक्ताची रेघ. एकच नाकपुडी कायम बंद. मानेत न दुखणारी गाठ. एकाच बाजूचं डोकं दुखणं. एकाऐवजी दोन दिसणं. गाल बधिर होणं. यातलं काहीही तीन आठवड्यांवर टिकलं तर ईएनटीकडे जा आणि ‘नाकाच्या मागची जागा दुर्बिणीने बघा’ असं स्पष्ट म्हणा. नाकात औषधाचा कापूस ठेवून बधिर करतात, चार मिलिमीटर जाडीची दुर्बीण घालतात, आणि पाहून होईपर्यंत दहा मिनिटंही लागत नाहीत. गाठ बहुधा कानाच्या नळीच्या तोंडामागच्या खोलगट कोपऱ्यात लपलेली असते. टॉर्च आणि आरशाने तो कोपरा नीट दिसत नाही, म्हणून नुसतं ‘नाक पाहिलं, ठीक आहे’ यावर समाधान मानू नका.

भाच्याचं नाक दोन्ही बाजूंनी बंद असेल, शिंका, खाज, सकाळी जास्त, तर ती बहुतेक ॲलर्जी किंवा वाढलेले ॲडेनॉइड. कमी दराच्या भागांत पंधरा ते पंचविशीच्या वयातही या कॅन्सरचे रुग्ण थोडे वाढलेले दिसतात, म्हणून एकदा दुर्बीण करून घ्यायला हरकत नाही. एक सूचना मात्र कडक: या वयाच्या मुलाच्या नाकातून वारंवार भरपूर रक्त येत असेल तर दवाखान्यात बसल्या-बसल्या बायोप्सी करू देऊ नका. मुलग्यांमध्ये याच जागी अँजिओफायब्रोमा नावाची रक्तवाहिन्यांनी भरलेली गाठ होते. ती कॅन्सर नसते, पण चिमटा लावला की रक्त थांबत नाही. आधी स्कॅन, मग पुढचं.

हे सगळं कमी दराच्या घरांसाठी झालं. खारघर, कोपरखैरणे, घोडबंदर या बाजूला ईशान्येकडची बरीच कुटुंबं आता राहतात आणि काहींच्या घरात मराठी सूनही आहे. घरातलं कुणी कोहिमा-दिमापूरकडचं असेल आणि सख्ख्या नात्यात हा आजार झालेला असेल, तर वरचा हिशेब त्यांना लागू होत नाही. लाखाला दहाच्या दरावर चार ते दहा पट हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. त्यांनी चाळिशीनंतर वर्षातून एकदा दुर्बिणीची तपासणी करण्याबद्दल ईएनटीशी बोलून घ्यावं आणि वरच्या लक्षणांसाठी तीन आठवडेही थांबू नये. मुंबईत जन्मलो म्हणून तो भाग पुसला जात नाही. नागालँडमधल्या अभ्यासात धुरी दिलेल्या मांसाचा आणि नाकात घालायच्या जडीबुटीच्या औषधांचा संबंध दिसला आहे. तेव्हा चुलीवर आठवडे-आठवडे टांगलेलं मांस रोजच्या जेवणातून सणापुरतं आणलेलं बरं.

आईंनी सुकी मासळी फेकली ते उगाचच. चीनमधल्या ज्या खारवलेल्या मासळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने माणसात कॅन्सर करणाऱ्या गटात टाकलं, ती एका विशिष्ट पद्धतीची आहे: मासा खारवण्याआधी मऊ पडू देतात, तो थोडा आंबतो, मग मीठ आणि ऊन. आणि तिथे ती दूध सुटताना बाळाला भातात कालवून देत. धोका सगळ्यात जास्त दिसला तो याच, तान्हेपणी खाणाऱ्यांत. बाकीच्या खारवलेल्या मासळीबद्दल त्याच संस्थेला ठरवण्याइतका पुरावा मिळाला नाही. आपले बोंबील तर बांबूवर टांगून उन्हात वाळतात. तेव्हा कालवणात सोडे पडू द्या. फक्त बुरशी आलेली, ओलसर, वास बदललेली मासळी टाकून द्या, आणि ब्लडप्रेशर असेल तर खारा बांगडा जपून. दादांना मात्र रेडिएशन सुरू झाल्यावर सुकं, खारट, तिखट काहीच जाणार नाही. तोंड आतून सोलवटलेलं असतं, हे त्यामागचं कारण.

मला विचाराल तर घरात कुणी ज्याचं नावही घेतलं नाही, ते वर्कशॉप जास्त विचार करण्यासारखं आहे. लाकडाची धूळ आणि फॉर्माल्डिहाइड, दोन्ही या जागेच्या कॅन्सरशी जोडली गेलेली आहेत. एमडीएफ आणि प्लायच्या गोंदातून फॉर्माल्डिहाइड सुटतो, कापताना आणखी. दादांना यामुळेच झालं असं कुणीही छातीठोक सांगू शकत नाही, आणि त्यांना तसं म्हणूही नका. पण तिथे अजून पोरं काम करतात. कटिंग मशीनला धूळ ओढणारा पाइप असावा. जमीन झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. कॉम्प्रेसरच्या हवेने अंगावरची धूळ उडवणं बंद करावं. एन-९५ मास्क धूळ अडवतो, वायू अडवत नाही, म्हणून खिडक्या-एक्झॉस्ट हवेतच. बोर्ड घेताना ई-१ किंवा ई-०, म्हणजे कमी फॉर्माल्डिहाइड सोडणाऱ्या दर्जाचा मागावा. दादा विडी ओढत असतील तर ती सुटली पाहिजे, यावर चर्चा नको.

राहिला उपचार. यात ऑपरेशन सहसा नसतं. रेडिएशन मुख्य, आणि मानेत गाठी असल्या तर सोबत केमो. रेडिएशनचे ३३ ते ३५ डोस, आठवड्यातून पाच दिवस, एकूण सात आठवडे. सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध दर आठवड्याला किंवा तीन आठवड्यांनी. बऱ्याचदा त्याआधी जेमसिटाबिन-सिस्प्लॅटिनची तीन चक्रं देतात. चीनमध्ये ४८० रुग्णांवर झालेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशी चक्रं आधी घेतलेल्यांपैकी ८५ टक्के तीन वर्षांनी आजारमुक्त होते, न घेतलेल्यांपैकी ७६ टक्के. दादांचा आकडा काय असेल ते त्यांचे डॉक्टरच सांगतील, पण मानेत गाठी पोचल्या म्हणजे सगळं संपलं असा हा आजार नाही. यात डोस चुकणं महागात पडतं. मध्ये आठवडाभर खंड पडला की उरलेल्या पेशी वाढायला लागतात. टाटाच्या खारघर केंद्रात नाव लागलं तर ऐरोलीहून पनवेल लोकल थेट खारघरला जाते. चौथ्या आठवड्यानंतर मात्र रुग्णाला गर्दीत उभं करू नका, रिक्षा-टॅक्सीचे पैसे आतापासून बाजूला काढा.

सुरू होण्याआधीची तीन कामं या आठवड्यातच करा. पहिलं, दातांचे डॉक्टर. किडलेला, हलणारा दात असेल तर तो रेडिएशनच्या निदान दोन आठवडे आधी निघायला हवा, म्हणजे जखम भरते. रेडिएशननंतर लाळ आटते, दात झपाट्याने किडतात, आणि तेव्हा दात उपटला तर जबड्याचं हाड सडू शकतं. म्हणून पुढे आयुष्यभर कुठलाही दात काढण्यापूर्वी रेडिएशन झाल्याचं सांगायचं. दुसरं, श्रवण तपासणी, कारण सिस्प्लॅटिन कानावर जातं आणि डावा कान आधीच अधू आहे. त्या कानातलं पाणी काढायला पडद्यात नळी बसवायचं कुणी सुचवलं तर रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय होकार देऊ नका. अशा रुग्णांत ते कान वाहतच राहतात. तिसरं, वजन. आजचं वजन वहीत लिहा, मग दर सोमवारी. साठ किलोच्या माणसाला रोज साधारण १,८०० ते २,१०० कॅलरी आणि सत्तर-नव्वद ग्रॅम प्रोटीन लागतं: गुरगुट्या भात-मूगडाळ, अंडी, तूप घातलेली पेज, मिल्कशेक, उकडून कुस्करलेला ताजा मासा. गिळणं जमेनासं झालं तर नाकातून नळी घालतात. तिला घाबरू नका. नळी उशिरा घातली की वजन आधी जातं आणि मग डोस चुकतात. नळी असली तरी रोज थोडं पाणी तोंडाने गिळायचंच, नाहीतर गिळायचे स्नायू आखडतात. जबड्याचंही तेच. तीन बोटं उभी मावतील इतकं तोंड उघडायचा व्यायाम दिवसातून चार-पाचदा, पहिल्या दिवसापासून.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतं का ते उपचार सुरू व्हायच्या आधी पाहा, कारण मंजुरी आधी लागते, बिल झाल्यावर नाही. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड, आधार, बायोप्सी आणि एमआरआयचे मूळ रिपोर्ट घेऊन जा. रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव वेगळं असेल तर दुरुस्ती आजच टाका, बहुतेकांचा वेळ तिथेच जातो. आणि उपचार संपल्यावर दर सहा महिन्यांनी थायरॉइडची टीएसएच तपासणी विसरू नका. मानेला रेडिएशन मिळालेल्यांत थायरॉइड काही वर्षांनी हळूहळू मंद होतो आणि घरचे त्याला नुसता थकवा समजतात.